घराची हद्द

शके 1942 चा गुढीपाडवा 25 मार्च 2020 रोजी आला, आणि त्याच दिवसापासून सबंध देशात टाळेबंदीचा अंमल सुरू झाला. घरात राहा, बाहेर पडू नका, एवढाच त्या हुकमाचा गाभा होता. आणि साथीची चाल थोडीफार जाणणाऱ्या कोणाही समंजस माणसाला त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नव्हते. परंतु हुकूम कितीही सरळ असला, तरी तो ज्या गृहीतावर उभा असतो ते सर्वत्र सारखेच खरे असते असे नाही. या हुकमामागचे गृहीत असे होते की, घर ही दार लावून घेता येण्याजोगी, आपल्यापुरती पूर्ण अशी वास्तू आहे. पाणी, इंधन, शौचकूप आणि चार दिवसांचा शिधा तिच्या आत आहे, आणि बाहेर जे काही आहे ते बाजार, कचेरी, करमणूक अशा प्रकारचे, म्हणजे काही आठवडे टाळले तरी चालण्यासारखे आहे. मुंबई-पुण्याच्या सदनिकेविषयी हे गृहीत बऱ्याच अंशी खरे असेल. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव, सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या खेड्याविषयी ते खरे नव्हते; आणि ते का नव्हते याचा विचार साथ ओसरल्यावर जितक्या गांभीर्याने व्हायला हवा होता तितका झालेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या झाडीपट्टीतले घर म्हणजे पुढे अंगण किंवा छपरी, मध्ये एक-दोन खोल्या, वर कवेलू, आणि मागे सांदवाडी, म्हणजे परसबाग. पण घराचा संसार तेवढ्यात मावत नाही. पिण्याचे पाणी चौकातल्या बोरिंगवर, कपडे धुणे आणि जनावरांचे पाणी तलावावर, सरपण जंगलातून, कुडासाठी बांबू आणि भिंतीसाठी माती गावच्या पड जमिनीतून, भाजीचा काही भाग धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आणि रोख पैशाचा मोठा भाग मोहफूल, तेंदूपत्ता व विडी यांतून. यांपैकी एकही गोष्ट भिंतीच्या आत नाही, आणि एकही गोष्ट चैनीची नाही. जुन्या मध्य प्रांताच्या महसूल कारभाराला ही वस्तुस्थिती पुरती ठाऊक होती. बंदोबस्ताच्या वेळी गावोगावचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तयार करण्याची जी वहिवाट त्या प्रांतात पडली, तिचा हेतूच मुळी हा होता की, गावकऱ्याला घरखर्चासाठी लाकूड कोठून घेता येईल, जनावरे कोठे चरतील, मुरूम आणि माती कोठली उचलता येईल, कोणत्या वाटेने आणि कोणत्या पाण्यावर त्याचा हक्क आहे, हे लेखी नमूद असावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्येही निस्तारपत्रकाचे कलम 161 आणि वाजिब-उल-अर्जाचे कलम 165 विदर्भाच्या या परंपरेची नोंद घेऊन आजतागायत उभी आहेत. अर्थात हा कारभार परकीय होता आणि त्याला गावकऱ्याच्या कल्याणापेक्षा सारावसुलीची चिंता अधिक होती, हे मला मान्य आहे. तरीही घराची हद्द भिंतीपाशी संपत नाही, एवढे त्या दप्तराने ओळखले होते.

टाळेबंदीच्या हुकमाने ते ओळखले नाही, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मोहफुलाचे. मोहाचे फूल मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गळते, आणि ते रात्रीच्या उत्तरार्धात गळते. झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडून किंवा जाळून जागा स्वच्छ केलेली असते. पहाटे, उजाडण्याच्या सुमारास, घरातल्या बाया आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात आणि फिकट पिवळी, रसरशीत फुले एकेक करून वेचतात, कारण ऊन चढले की जनावरे येतात आणि फूल मऊ पडून मातीला चिकटते. वेचलेली फुले अंगणात पसरून वाळवायची, लालसर तपकिरी झाली की पोत्यात भरायची. जो हंगाम तीन-चार आठवड्यांत संपतो तो पुढे ढकलता येत नाही. झाड कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. वनोपज गोळा करण्याची सवलत केंद्रीय गृहमंत्रालयाने 16 एप्रिल 2020 रोजी स्वतंत्रपणे दिली, म्हणजे आमच्याकडचे बहुतेक मोह गळून गेल्यावर. नंतर 1 मे रोजी मोहफुलाचा किमान भाव किलोला 17 रुपयांवरून 30 रुपये करण्यात आला, ही गोष्ट चांगलीच झाली; पण मधल्या काळात पहाटे टोपली घेऊन निघालेली बाई ही कायद्याच्या दृष्टीने घराबाहेर पडलेली व्यक्ती होती. तिच्या दृष्टीने ती घरातच होती. मोहाचे ते झाड कोणत्या घराचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. चुलीजवळचे जाते जितके त्या घराचे, तितकेच रानातले ते झाडही. गावे मात्र या बाबतीत सरकारहून शहाणी निघाली. झाडे दूरदूर असल्याने माणसांत अंतर आपोआप राहते हे त्यांनी पाहिले, आणि वेचणी बहुतेक ठिकाणी गाजावाजा न करता चालू राहिली.

आता सांदवाडीविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण साथीच्या काळातील परसबागेवर त्या वर्षी आणि नंतर जितके लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या कशावर लिहिले गेले असेल. शहरातल्या सज्जांतून कुंड्या आल्या, कोथिंबीर उगवली, माणसे मातीकडे वळली. हे सर्व मला मनापासून आवडते आणि त्याची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. परंतु त्याच ओघात, खेड्यातील लोकांना टाळेबंदी जाणवली नाही, त्यांच्या परसातच सर्व काही होते, असेही अनेकांनी लिहिले. या विधानाला मी ठामपणे विरोध करतो. ज्याने चैत्र-वैशाखातली सांदवाडी पाहिली आहे तो असे लिहिणार नाही. त्या दिवसांत तिथे काय असते? विहिरीला पाणी असेल तर चवळाईचा एखादा वाफा, मुनग्याला शेवटच्या शेंगा, न्हाणीच्या सांडपाण्यावर तगून राहिलेली कोचईची हिरवी पाने आणि केळीचे दोन खुंट. वालाचा मांडव वाळून गेलेला असतो. जमीन तडकलेली असते. टाळेबंदीच्या पहिल्या दोन महिन्यांत घरांनी जे खाल्ले ते मागच्या वर्षीच्या कष्टांतून आले होते: माळ्यावर ठेवलेला कोहळा, कोहळ्याच्याच वड्या, लाखोळीची डाळ आणि वाळवलेली भाजी, मडक्यात राखेत घालून ठेवलेले बी, कणगीतला धान. ही सर्व तजवीज साथीची कल्पनाही नसताना, दरवर्षीप्रमाणे, घरातल्या स्त्रियांनी पौष-माघात करून ठेवली होती. निसर्गाने भरवले असे म्हणताना आपण त्या हातांचा उल्लेख गाळतो, आणि मग एका बाईने उन्हात बसून केलेले काम झाडावेलींच्या नावावर जमा होते.

सांदवाडी खऱ्या अर्थाने हाताशी आली ती मृग लागल्यावर. जूनच्या पहिल्या पावसात तरोट्याची कोवळी पाने येतात, नंतर केना, पातूर, कुड्याची फुले. श्रावणाच्या सुमारास वारुळाच्या मातीवर सात्या उगवतात, बांबूचे कोवळे वास्ते येतात, काटवल येते. यांतले बरेचसे सांदवाडीत नसून धुऱ्यावर आणि जंगलात असते हे पुन्हा लक्षात घ्यावे. कुंपणाच्या आत बरबटी, भेंडी, दोडकी, कारली. आणि कोहळ्याचा वेल कवेलूंवर चढवलेला. त्या वर्षी पुण्याहून, नागपूरहून, हैदराबादहून आणि तेलंगणातल्या मिरची तोडणीवरून परतलेली तरुण मुले घरी होती, आणि कित्येक वर्षांत प्रथमच सांदवाडीला पुरुषांचे हात लागले. आमच्या शेजारच्या घरी परत आलेल्या मुलाने पहिले चौदा दिवस सांदवाडीतल्याच गुरांच्या रिकाम्या गोठ्यात काढले. त्याची आई ताट कुंपणाशी ठेवून मागे सरकायची, मग तो पुढे यायचा. वेळ जाईना म्हणून त्याने आधी शेणखताचा खड्डा उपसला, मग तुऱ्हाट्यांचे मोडके कुंपण नव्याने बांधले, मग न्हाणीच्या पाण्याला दोन फाटे काढून एक वांग्यांकडे वळवला. विलगीकरणाचा कालावधी संपला तेव्हा ती सांदवाडी ओळखू येत नव्हती. त्याची आई मला म्हणाली, "भाऊ, पोरगा पोटाशी असून जवळ घेता येत नव्हतं, पण माझी वाडी त्यानं सोन्यासारखी केली." रेल्वे पुन्हा सुरू झाली, कारखान्यांनी बोलावले, आणि तो गेला. जाणे भागच होते. सांदवाडीच्या वांग्यांवर कोणाचे लग्न होत नाही आणि कोणाचे कर्ज फिटत नाही. त्याने काढलेले पाण्याचे फाटे पुढच्या उन्हाळ्यात गाळाने बुजले, आणि कुदळ पुन्हा आईच्या हाती आली.

म्हणून, खेडे स्वयंपूर्ण आहे हा जो सिद्धान्त त्या काळात पुष्कळांना नव्याने भावला, तो मला मान्य नाही. मीठ बाहेरून येते, तेल बाहेरून येते, औषध बाहेरून येते. एप्रिल 2020 पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळाला नसता, तर भूमिहीन मजुरांच्या आणि विडी वळणाऱ्या बायांच्या घरी काय झाले असते याची कल्पना करवत नाही. विडीचा धंदा या भागात घरी बसूनच चालतो. पाने आणि तंबाखू घरी येतात, वळलेल्या विड्या मोजून परत जातात. वरवर पाहता टाळेबंदीत न थांबणारे असे हेच काम. पण पानांची आणि तंबाखूची आवक बंद होताच ते सर्वांच्या आधी थांबले. ज्याला आपण घरचे काम म्हणतो ते किती दूरवरच्या दोऱ्यांना बांधलेले असते, याचे याहून बोलके प्रमाण नाही. धान पिकवणारा जिल्हा शिधावाटपाच्या तांदळावर जगला यात विरोधाभासही नाही. पिकवणारे आणि जमिनीचे मालक हे येथे नेहमी एकच नसतात. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणींच्या घरी स्वतःची बांधी नसते.

इथे इतिहासाकडे थोडे वळावेसे वाटते. मार्च 2020 मध्ये ज्या साथरोग अधिनियमाच्या आधारे महाराष्ट्रात निर्बंध लागू झाले तो 1897 चा, म्हणजे मुंबईच्या प्लेगातला. त्या प्लेगात लोकांना काय सांगितले जात होते? घरे सोडा. उंदीर पडू लागले की गावेच्या गावे माळावर, शेतात झोपड्या घालून राहायला जात; घर हेच संकटाचे स्थान मानले जाई. त्याच कायद्याखाली सव्वाशे वर्षांनी उलट हुकूम निघाला, आणि दोन्ही हुकूम आपापल्या रोगाच्या दृष्टीने योग्यच होते. यावरून दिसते ते इतकेच की, घर स्वभावतः सुरक्षित किंवा असुरक्षित नसते. रोग कोणता, घर केवढे, आणि त्यात माणसे किती यावर ते ठरते. 1918 च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांतात भयंकर हानी केली. त्या वर्षी पाऊसही फसला होता, आणि भुकेने खंगलेल्या माणसांना बंद घरांनी वाचवले नाही. 1911 ते 1921 या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ही जनगणनेतली एकमेव अशी नोंद आहे.

आमच्याकडे हा धडा एप्रिल 2021 मध्ये पुन्हा मिळाला. पहिल्या वर्षी जिल्ह्यात आरंभी रुग्ण जवळजवळ नव्हते, आणि त्यामुळे आपली माती, आपले पाणी, आपला मोकळा वारा आपल्याला राखतो आहे असा एक समज पसरला होता. दुसऱ्या लाटेने तो पुसून टाकला. घराघरांत ताप शिरला. एकाला झाला की सगळ्यांना होई. गृहविलगीकरणाचा नियम असा होता की रुग्णाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय असावे. दोन खोल्यांत सात माणसे राहणाऱ्या घराला हा नियम वाचून दाखवणे सोपे, पाळणे अशक्य. प्राणवायूसाठी जी धावपळ झाली, तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून नागपूरला जाणाऱ्या वाटेवर जी माणसे गेली, त्यांच्याविषयी लिहिताना हात थांबतो. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास. मरणाला खांदा देण्याचे आणि लग्नात अक्षता टाकण्याचे जे काम एरवी सबंध गाव करते ते घरातल्या चार माणसांवर येऊन पडले, आणि तेव्हा कळले की सुखदुःखाच्या बाबतीतही घराची हद्द भिंतीच्या कितीतरी पलीकडे होती.

ती हद्द काही ठिकाणी दुसऱ्या राज्यातही होती. बाघ आणि वैनगंगा या नद्यांच्या पलीकडे बालाघाट जिल्हा आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत भंडारा (गोंदिया तेव्हा त्यातच होता) आणि बालाघाट हे एकाच प्रांताचे जिल्हे होते, आणि पोवार, लोधी, कुणबी, गोंड अशा कितीतरी समाजांचा रोटीबेटी व्यवहार नदी ओलांडून अखंड चालत आला आहे. पुलांवर नाकेबंदी झाली तेव्हा पुष्कळ सुनांचे माहेर एका दिवसात परराज्य झाले. बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या मुली अडकल्या; आजारी आईला भेटायला निघालेल्या मुली नाक्यावरून परत आल्या. त्या नाक्यावरच्या शिपायाला दोष देता येत नाही. त्याच्या हातातल्या कागदावर जिल्ह्याची हद्द होती, कुटुंबाची नव्हती.

मुलांच्या शिक्षणाबाबत थोडक्यात लिहितो, कारण त्यावर अन्यत्र बरेच लिहिले गेले आहे. शाळा बंद असतानाही शिक्षण सुरू ठेवण्याचे अभियान राज्याने चालवले; जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मालिका आली, आणि ती खरोखर चांगली होती, कारण घरातल्या आणि परिसरातल्या वस्तूंतून शिकवण्याची तिची पद्धत होती. पण ज्या घरी दूरचित्रवाणी नव्हती, आणि ज्या घरचा एकमेव मोबाईल बाप कामावर घेऊन जाई, त्या घरच्या मुलांची शाळा खरोखरच बंद होती. काही गावांत शिक्षक तलावाच्या पाळीवर, वडाखाली, चार-चार मुलांना घेऊन बसले. नेटवर्क तेथेच मिळे हे एक कारण, आणि सावली तेथेच होती हे दुसरे.

तलावाच्या पाळीचा उल्लेख आला आहे तर मूळ मुद्द्याकडे येतो. पूर्व विदर्भात 6,000 हून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांना सर्वत्र मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या काळात बांधलेले हे तलाव. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, ते न्याय्यच झाले. परंतु तलाव सरकारजमा झाल्यावर पाळीची डागडुजी आणि गाळ काढणे हे गावाचे नित्यकर्म राहिले नाही. साथीच्या उन्हाळ्यात, परतलेली माणसे आणि रोजगार हमीची गरज ही दोन्ही एकाच वेळी समोर असताना, काही गावांनी आपल्या तलावांचा आणि लहान बोड्यांचा गाळ काढला आणि तो बांधीत आणि सांदवाडीत टाकला. तलावातला गाळ सांदवाडीत जातो, सांदवाडीतली भाजी चुलीवर जाते, चुलीची राख बियाण्याला लावली जाते; हे एकच घर आहे, आणि त्याचा एखादा खण मोडला तर बाकीचे खण दुरुस्त ठेवून भागत नाही.

माझे म्हणणे असे की, साथीतून आपण जो निष्कर्ष काढला तो चुकीच्या दिशेचा होता. घर बळकट करा म्हणजे भिंती बळकट करा, असे आपण समजलो. पक्क्या घराला माझा विरोध नाही. पावसाळ्यात कवेलू फेरण्याचे कष्ट आणि साप-विंचवाचे भय ज्यांनी भोगले आहे त्यांना सिमेंटचे छप्पर हवे असते, आणि ते त्यांना मिळाले पाहिजे. पण ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरले जाते; त्यात स्वयंपाकाची जागा येते, सांदवाडी येत नाही. अनुदान पुरावे म्हणून आणि गावठाणात जागा नाही म्हणून घरकुल कित्येकदा नेमके सांदवाडीवरच बांधले जाते. अंगणावर आणि गल्लीवर सिमेंट पडते. न्हाणीचे पाणी कोचईऐवजी नालीत जाते, नाली गावाबाहेर तलावात जाते, आणि मग तलावाचे पाणी गुरेही पीत नाहीत. यातील प्रत्येक काम स्वतंत्रपणे विकासाचे म्हणून नोंदले जाते. एकत्र पाहिले, तर ज्या चार-पाच गोष्टींनी 2020 च्या पावसाळ्यात घर उभे ठेवले त्यांच्यावरच एकामागून एक घाव पडताना दिसतो.

उपाय नवे शोधावे लागणार नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काचा मार्ग दिला आहे आणि देवरी तालुक्यातील अनेक ग्रामसभा तो वापरीत आहेत. निस्तारपत्रक कायद्यात आहे. ते तलाठ्याच्या दप्तरातून बाहेर काढून ग्रामसभेपुढे वाचले जावे, आणि त्यात आज काय उरले आहे, कोणता तलाव बुजला, कोणती पड जमीन कोणाच्या नावावर गेली, याची नोंद व्हावी. घरकुलाच्या मंजुरीत इमारतीच्या नकाशाइतकेच महत्त्व मागच्या दोन-तीन गुंठ्यांना आणि सांडपाण्याच्या वाटेला दिले जावे. भूमिहीनांना घराबरोबर सांदवाडीची जागा द्यावी, मग त्यासाठी गावठाणाची हद्द वाढवावी लागली तरी वाढवावी. आणि साथरोगाचा कायदा पुन्हा कधी वापरण्याची वेळ आली, तर पहिल्या हुकमातच रानातले मोहाचे झाड, बोरिंग, तलाव आणि धुरा हे घराचे भाग आहेत असे नमूद असावे, म्हणजे पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईला तीन आठवडे परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.